पिथौरागढ ते बीदर, दोन तास दहा मिनिटं

विमानाची गोष्ट आहे म्हटल्यावर तुम्ही खिडकीची सीट धरून बसला असाल. आता खाली कापसासारखे ढग दिसणार, मग हा पोरगा पहिल्यांदा विमानात बसला तेव्हा त्याला पट्टा कसा लावता आला नाही ते सांगणार, आपण हसणार. उठा. ढग नाहीत. यातलं विमान शेवटाकडे येतं आणि तेही आमच्या घरावरून पुढं निघून जातं. आधीचं बहुतेक सगळं खुर्चीत घडतं, बेंगळूरच्या बेळ्ळंदूरला, पाचव्या मजल्यावर, एसीच्या बरोबर खाली.

माझं काम असं होतं. जगातले सगळे विमानतळ घ्यायचे, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची आणि प्रत्येक जोडीचं वेबसाइटवर एक पान करायचं. इथून तिथं अंतर किती, विमानाला वेळ किती. थोडक्यात लग्नं जुळवण्याचं काम, फक्त पत्रिका न बघता. पानं मशीनच तयार करायचं, आम्ही दहा-बारा जण पान न उघडता यादीत गावांची नावं बरोबर आहेत का तेवढं बघायचो. अंतर म्हणजे नकाशावर दोन टोकांत दोरा ताणल्यासारखी सरळ रेघ. वेळ काढायचा तर अंतराला आठशेनं भागायचं आणि चढायला-उतरायला म्हणून अर्धा तास मिळवायचा. तिथं विमान जातं की नाही हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेर.

त्यामुळं आमच्याकडं भारी जोड्या जमायच्या. इकडं अंदमानातली एक धावपट्टी, तिकडं ग्रीनलंडमधली एक. त्या दोन गावांतल्या लोकांना एकमेकांची आठवण यायचं काही कारणच नाही, पण आमच्याकडं तास-मिनिटं तयार. अशी जोडी आली की मी नाक दाबून पायलटच्या आवाजात घोषणा करायचो. पायलट मात्र बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीचा. "नमस्कार प्रवाशांनो, मी तुमचा कॅप्टन बोलूलालाव. बाहेर लई थंडी हाय, कानाला बांधून घ्या." पुण्या-नागपूरची पोरं टेबलावर डोकं आपटून हसायची.

नकला मी शाळेपासून करतो. भालकीला मराठी शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी सातवी 'ब' मधल्या सुट्टीच्या आधी घरी पाठवली होती. त्याची शिक्षा मिळाली, पण वर्गात जे नाव झालं ते झालं. घरी मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, असं वाढलेल्या पोराला आवाजांची कमी नसते. स्वतःचा कुठला ते विचारलं की जरा पंचाईत होते.

तर त्या पानांवर वेळेच्या खाली एक पिवळी पट्टी होती. ती माझी. कामाला लागून महिना झाला असेल, मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं की जिथं विमानच नाही तिथं तसं लिहा तरी. मॅनेजर म्हणाला, लोक इतकेही खुळे नसतात. मग मी उठून एक म्हातारा करून दाखवला. डोक्यावर गाठोडं, हातात कळशी, विमानतळाच्या गेटवर पोलिसाला विचारतोय, "अण्णा, ग्रीनलंडची गाडी कुठं लागती?" मॅनेजर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पट्टी मंजूर झाली. 'या दोन ठिकाणांमध्ये थेट विमानसेवा नाही. प्रत्यक्ष प्रवासाला एक ते तीन दिवस लागू शकतात.' ही ओळ मी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत लिहिली. इंग्रजी दुसऱ्यानं केलं.

पट्टी पानांवर बसवली माझ्या रूममेटनं. हा पुण्याचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आमच्या टीमचा सिनियर. नोकरी यानंच लावली होती, के. आर. पुरमच्या घरात अर्धी जागाही यानंच दिली होती. माझ्या नकलांना सगळ्यात आधी हसणारा आणि सगळ्यात शेवटी थांबणारा हाच. पट्टी लागली त्या दिवशी त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, "घे, तुझं पहिलं पुस्तक छापून आलं." मी त्याला त्या दिवशी डोसा खायला घातला. असो.

आता अक्का. माझी मोठी बहीण, लग्न होऊन उत्तराखंडात, पिथौरागढला. दाजी तिथं डोंगरात रस्ते बांधायच्या सरकारी कामावर, पंधरा पंधरा दिवस वर कॅम्पात, फोन लागला तर लागला. अक्काला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं विचारायची गोष्टच नाही, आणि तिला आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. म्हणजे मी. मुराळी व्हायला मी तयारच होतो, प्रश्न एवढाच होता की तिला कधी आणि कुठल्या रस्त्यानं न्यायचं. तिथली डॉक्टरीण म्हणाली होती, सातवा संपायच्या आत घाट उतरा, नंतर मी पाठवणार नाही.

अक्काच्या शेजारी एक भाभी राहायची. ती स्वतः नर्स. सहाव्या महिन्यात ती अक्काला म्हणाली, आम्ही गाडीनं दिल्लीला चाललोय, मोठी गाडी आहे, मागची सीट तुला देते, आडवी हो, मी शेजारी बसते. यापेक्षा चांगली सोय आई स्वतः आणायला गेली असती तरी झाली नसती. अक्कानं हो म्हणून टाकलं आणि अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, फोन केला.

अप्पांनी तोवर आमच्या वेबसाइटवर जाऊन दोन्ही गावं घातली होती. पोरगा काय करतो हे त्यांना त्या पानांमुळंच कळलं होतं, गल्लीत सगळ्यांना दाखवून झालं होतं. तेराशे अठ्ठावीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. पोटुशी पोर डोंगरातनं गाडीनं कशाला येईल? अक्का म्हणाली, इथलं विमान लहान आहे, ढग असले की येत नाही आणि आलं तर दिल्लीला जातं, बीदरचं कधी ऐकलं नाही. अप्पा म्हणाले, बीदरला बेंगळूरचं विमान आहे हे तरी तू आधी कुठं ऐकलं होतं, आणि हे तर लिहिलंय, तेही आपल्या तम्माच्या कंपनीनं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, घरात मला हाक तीच.

म्हणून अक्कानं मला फोन केला.

त्या वेळी मी ऑफिसखालच्या चहावाल्या अण्णांकडं उभा होतो. बरोबर चार जण होते. रूममेट माझ्या डाव्या हाताला, चहाचा ग्लास कडेनं धरून फुंकत होता. बहिणीचा फोन म्हटल्यावर पोरं म्हणाली, स्पीकरवर टाक, भालकीचं मराठी ऐकू दे. मी टाकला.

"तम्मा, अप्पा म्हणतात ते दोन तासाचं खरंच हाय का रे?"

समोर चार जण. मी नाक दाबलं. नमस्कार प्रवाशांनो, मी तुमचा कॅप्टन बोलूलालाव. पिथौरागढहून बीदरला आपण दोन तास दहा मिनिटांत पोचूलालाव. वाटेत ताक आणि धपाटे मिळतील. गरोदर बायांना दोन दोन. अधिक माहितीसाठी पानाच्या खाली बघून घ्यावं.

पोरं फुटली. अक्काही हसली, ती माझ्या पायलटला पहिल्यापासून हसायची. मग म्हणाली, "बरं, बघते खाली," आणि फोन ठेवला. मी निवांत होतो. खाली बघेल, पिवळी पट्टी दिसेल, तीन भाषांत लिहिलंय, त्या तिन्ही तिला येतात. मला एवढंही वाटलं की पट्टी कुणी लिहिली ते कळल्यावर तिला गंमत वाटेल.

रूममेटनं ग्लास ठेवला आणि म्हणाला, चला, साडेचारची मीटिंग आहे. हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. तो हसला होता, सगळ्यांइतकाच. एक गोष्ट मात्र वेगळी होती, तो लवकर थांबला.

दहा-बारा दिवस गेले. मग एका सकाळी अप्पांचा फोन. बीदरच्या विमानतळावर ते स्वतः जाऊन आले होते, मोटारसायकलवर. पिथौरागढच्या तिकिटाचं तिथं विचारलं तर आतला माणूस त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला म्हणे, तर ते तिकीट नक्की कुठल्या खिडकीवर मिळतं तेवढं सांग. मला वाटलं माझी फिरकी घेतायत. मीही हसून म्हटलं, ग्रीनलंडच्या शेजारच्या खिडकीवर. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, भाभीची गाडी गेली मागच्या रविवारी. अक्कानं जागा सोडली, तू सांगितलास म्हणून.

मी फोन धरूनच लॅपटॉप उघडला. आमचंच पान. वर अंतर, मधे वेळ, त्याखाली बीदरमधली हॉटेलं, त्याखाली बीदरचं हवामान. पट्टी नव्हती. मी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. अंदमान-ग्रीनलंड उघडलं. कुठंच नव्हती. तीन भाषा गेल्या होत्या आणि त्या जागी हॉटेलचा फोटो होता, पोहण्याच्या तलावाचा.

रूममेट आंघोळ करून बाहेर आला. मी विचारलं, पट्टी कुठाय? तो केस पुसत राहिला. मग म्हणाला की काढली, महिना होत आला. पट्टी दिसली की लोक पान बंद करून निघून जायचे, खालची हॉटेलं बघतच नव्हते. मॅनेजरनं सांगितलं, त्यानं काढली. पाच मिनिटांचं काम होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सीन केला असतास यार. पुन्हा म्हातारा करून अख्ख्या फ्लोअरला दाखवला असतास, आणि या वेळी मॅनेजर हसला नसता. मी तुला वाचवत होतो."

"आणि अक्काचा फोन आला तेव्हा? तू शेजारी होतास."

त्यानं टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, तो घसरला, परत टाकला. म्हणाला, त्याला वाटलं चेष्टा चाललीय, अक्काला माहीतच असणार. मग म्हणाला, नंतर सांगणार होतो, राहिलं.

मी ओरडलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि कुठल्या आवाजात द्यायच्या तेच सुचेना. हेडमास्तर, पायलट, म्हातारा, मॅनेजर, सगळे आठवले, आणि प्रत्येक आवाजाला हा माणूस पोट धरून हसलेला. पट्टी गेल्याचं दुःख मी एकवेळ गिळलं असतं. ऑफिसात रोज काही ना काही जातंच. पण माझी बहीण स्पीकरवर विचारत होती खरं आहे का, आणि खरं काय ते माहीत असलेला एकटा माणूस माझ्याशेजारी चहा फुंकत होता.

ऑफिसला आम्ही वेगवेगळे गेलो. के. आर. पुरम ते बेळ्ळंदूर एवढ्या वेळात बीदरचं विमान अर्ध्याहून जास्त वाट कापतं, त्यामुळं विचार करायला वेळ भरपूर मिळतो. दुपारी त्यानं चॅटवर एक लिंक पाठवली. पिथौरागढ ते बीदर. उघडलं तर पिवळी पट्टी परत आली होती. खाली त्याचा मेसेज, "एका पानावर घातलीय. ताईच्या. कुणाला सांगू नकोस."

लाखो पानांत एक. ते वाचून मला जास्तच राग आला. अक्काची गाडी जाऊन आठवडा झाला होता.

डॉक्टरीण म्हणाली, याच आठवड्यात निघा, आणि सोबत माणूस पाहिजे. मी रजा टाकून मुराळी निघालो. बेंगळूरहून दिल्ली, दिल्लीहून रेल्वेनं काठगोदाम, तिथून जीप. जाताना घाटात मी चार वेळा ओकलो. माझ्या पोटात तर फक्त समोसा होता. वर पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं की उतरताना काय होणार आहे.

अक्कानं दार उघडलं, मला वर-खाली बघितलं आणि ताट वाढलं. मंगळवारी सकाळी निघालो. स्वतंत्र गाडी केली होती, ड्रायव्हर भला होता, हळू चालवायचा, तरी काठगोदामच्या रेल्वेपर्यंत नऊ तास लागले. प्रत्येक वळणाला ती एक हात दाराला आणि एक पोटाला धरायची. मधेमधे मला वेळ विचारायची. बाकी काही नाही. एका ठिकाणी दरड साफ करत होते, तिथं दीड तास उन्हात उभं राहिलो. पोटात दुखायला लागलं म्हणून एका गावातल्या दवाखान्यात थांबलो. तिथल्या बाईनं तपासलं, म्हणाली ठीक आहे, पण हा रस्ता हिला आत्ता कुणी करायला सांगितला? मी औषधाच्या कपाटाकडं बघत राहिलो.

दिल्लीला एक रात्र लॉजवर काढली, आणि मग ते विमान, जे मी तुम्हाला सुरुवातीला कबूल केलं होतं. आता तिला पुन्हा लांबचा रस्ता नको होता, आणि बीदरला विमान बेंगळूरहूनच, आणि दिल्लीहून बेंगळूरला येताना विमान जवळजवळ बीदरवरूनच जातं. म्हणजे घर खाली, आपण वर, आणि तसंच पुढं जायचं, रोज विमान नाही म्हणून दोन दिवस थांबायचं, मग उलटं यायचं. खरा पायलट काहीतरी बोलला, मला त्याची नक्कल करावीशी वाटली नाही. पण गप्प बसलो तर मी कसला. म्हटलं, "अक्का, खाली भालकी आलंय बघ. हाक मारू का अप्पांना?" तिनं मान दुसरीकडं वळवली.

के. आर. पुरमला पोचलो तर रूममेटनं घर झाडून ठेवलं होतं. स्वतःचा पलंग रिकामा केला होता, नवीन चादर, उशाला पाण्याची बाटली. दूध तापवलेलं. अक्काला ताई ताई म्हणत तिची बॅग उचलली आणि स्वतः हॉलमध्ये चटईवर झोपला. सकाळी आम्ही उठायच्या आत नारळपाणी आणून ऑफिसला गेलासुद्धा. माझ्याशी दोघांपुरतं एक वाक्य बोलला नाही, मीही बोललो नाही.

अक्काचे पाय सुजले होते. मी कोमट पाण्यात मीठ टाकून बादली आणली, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय बुडवून बसली आणि म्हणाली, "पोरगं चांगलं हाय की रे तुझं."

तिथं माझा बांध फुटला. म्हटलं, चांगलं? आणि सगळं सांगितलं. पट्टी, हॉटेलं, महिना, तो शेजारी उभा होता ते, ग्लास, साडेचारची मीटिंग, आणि नंतर उपकार केल्यासारखं ते एक पान. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडं नीट बघत होती. आता ही चिडणार, माझ्या बाजूनं चिडणार, म्हणून मी थांबलो.

"झालं?"

मी मान हलवली.

"त्यानं काढला, वाईट केला. बोलला न्हाई, त्याहून वाईट केला. पण मी फोन तुला केलता, त्याला न्हाई. तो माझा कोण? काय विचारलते मी? खरंच हाय का रे, एवढंच. व्हय न्हाईतर न्हाई म्हणायचं होतं. एक शब्द. तू विमान उडवलास."

"अक्का, खाली बघ म्हटलं होतं मी."

"बघितले की. हॉटेलं होती. मला वाटलं, तम्मा म्हणतो म्हणजे खालीबी चांगलंच असंल. अप्पा म्हणले असते तर मी ऐकले नसते. वेबसाइट काय, कुणीबी लिहितंय. मी तुझ्यावर सोडले." तिनं एक पाय बाहेर काढला, बघितला, परत बुडवला. "भाभी खाली गाडी लावून दोनदा हॉर्न वाजवली. मी वरून हात हलवले, जा म्हणून. हसत. माझा भाऊ सांगितलाय म्हणून. आणि मग नऊ तास त्या रस्त्यात मी काय म्हणत होते माहीत हाय का? पोटातल्याला म्हणत होते, धरून बस, तुझा मामा चेष्टा केलाय."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"गप. अजून मी बोलूलालाय. त्या पोराशी तुझं काय भांडण करायचं ते माझ्या माघारी कर, नगं बोलू जलमभर. आज तो जेवायला घरी येणार हाय, मी त्याला भाकरी करणार हाय, आणि तू पीठ मळून देणार हाईस. त्याच्या आधी अप्पांना फोन लाव. मंगळवारी निघालो, शनिवारी पोचणार, हे त्यांना तुझ्या तोंडानं सांग. दवाखान्याचंबी सांग. स्पीकरवर टाक, मी ऐकणार हाय. आणि मधी ते 'नमस्कार प्रवाशांनो' आलं ना तम्मा, तर ही बादली हाय बघ इथंच."